दगड जागच्या जागी

१

उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. स्टिलकोप डोंगरावर कामाला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ठेवलेले दगड बघून बहुतेकांना खाली हाकलून द्यायचे. वरची बाजू वर आणि खालची खाली एवढ्याने भागत नाही. दगडाच्या कडेला सगळीकडून एक रेघ असते. तिच्याखाली दगड ओला, काळा असतो आणि तिच्यावर करडा, कोरडा. ती रेघ जमिनीला बरोबर मिळाली पाहिजे. बोटभर फट राहिली तरी वारा आत शिरतो, ओल जाते, आणि त्या ओलीवर जगणारं सगळं मरतं.

आम्ही ज्याच्यासाठी दगड उचलायचो तो भुंगेरा अंगठ्याएवढा, काळाभोर, पुढे दोन वाकडे जबडे असलेला. त्याच्या पाठीची ढाल जुळून एक झाली आहे, त्यामुळे त्याला उडता येत नाही. तो चालतो, तेही धुकं असेल तेव्हाच. ऊन पडलं की दगडाखाली. स्टिलकोपच्या माथ्यावर एक जात, दरीपलीकडच्या शिखरावर दुसरी. मधली दरी गरम आणि कोरडी असल्यामुळे दोघांची कधी गाठ पडत नाही. वरून बघितलं तर दोघांत काडीचा फरक नाही. उलटा करून पुढचे पाय भिंगाखाली धरले तरच कळतं कोण कुठला. अशा एका मेलेल्या भुंगेऱ्यासाठी परदेशातले हौशी लोक चोर पाठवतात, आणि चोर दगड परत ठेवत नाहीत.

म्हणून उन्हाळाभर आम्ही दोघं वर राहायचो. मी, रॅगेल आपोलिस, आणि माझा नवरा इसाक. राहायला एक दगडी खोली, मेंढपाळांनी केव्हातरी सपाट खडकावर बांधलेली. पाया नाही, फरशी नाही, खालचा खडक हीच जमीन. इसाक गोड बोलणारा आणि मी तिखट. तो सगळ्यांना सांगत फिरायचा की सरकारने आम्हाला डोंगरावर ठेवलंय ते भुंगेऱ्यांना वाचवायला नाही, खालच्या गावाला माझ्या तोंडापासून वाचवायला. लोक हसायचे. मला लोकांचा राग यायचा, त्याचा कधी येत नसे.

२

त्या वर्षी वरून हुकूम आला की एक जोडी पकडून खाली पाठवा. शहरात थंड खोली तयार केली आहे, तिथे पैदास करू, म्हणजे उद्या डोंगर जळाला तरी जात टिकेल. आमचे साहेब थेरॉन यांनी वायरलेसवरून हे वाचून दाखवलं. मी म्हटलं की जो जीव शेजारच्या डोंगरावर जगत नाही, त्याला तुम्ही कपाटात जगवणार. थेरॉन म्हणाले की तुला विचारलेलं नाही.

नर इसाकला लवकर सापडला. त्याने तो आपल्या जेवणाच्या डब्यात ओलं शेवाळ घालून ठेवला, झाकणाला भोकं पाडली आणि डबा गारव्याच्या कोपऱ्यात सरकवला. मादी मिळेपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच. मादी मिळणं सोपं नव्हतं. ती लहान, मातीतून क्वचितच वर येणारी. इतक्या वर्षांत मी तिची नुसती पाठ पाहिली होती, उंदराने आतलं खाऊन टाकलेली.

इसाक रोज सकाळी झाकण उघडायचा, श्वास रोखून आत बघायचा आणि झाकण लावायचा.

"काय म्हणतोय नवरदेव?" मी विचारायचे.

"बायकोची वाट बघतोय बिचारा. त्याला कुठे माहितीये काय वाढून ठेवलंय ते."

खोलीच्या मागे एक धोंडा होता, इसाकपेक्षा उंच आणि पिकअप गाडीएवढा लांब. त्याच्या आडोशाला मी कपडे वाळत घालायचे. एका सकाळी उशीचा अभ्रा उडून त्याच्या पायाशी पडला, म्हणून मी वाकले आणि तशीच वाकून राहिले. धोंड्याच्या तळाशी, पूर्वेच्या बाजूने, बोटभर रुंदीचा ओला काळा पट्टा उघडा पडला होता. मी वळसा घालून पश्चिमेला गेले. तिथे धोंड्याखाली गवत चेपलं गेलं होतं, आणि ते अजून हिरवं होतं.

मी इसाकला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, पाऊस झाला, जमीन खचली असेल. मी म्हटलं, खचली तर धोंडा खाली जाईल, हा बाजूला सरकलाय. कुणीतरी उचलून परत ठेवलाय, आणि आपल्या नव्या पोरांपेक्षा बरा ठेवलाय.

"मीच ठेवला," इसाक म्हणाला. "तुझ्यावरचा राग काढायला जरा व्यायाम केला."

मी हसले नाही. तोही पुरता हसला नाही. त्याने धोंड्याभोवती एक फेरी मारली, पट्ट्यावर हात फिरवून ओल बघितली आणि हात पँटला पुसला. दुसऱ्या दिवसापासून तो कपडे पुढच्या बाजूला वाळत घालू लागला. तिथे धड वारा लागत नव्हता.

३

स्टिलकोपवर वारा थांबत नाही. त्याचा आवाज इतका सवयीचा होतो की खाली गावात गेलं की कान दुखतात.

धुकं फार दाट झालं की आम्ही काम थांबवायचो, नाहीतर भुंगेरा पायाखाली यायचा. त्या सकाळी असंच धुकं होतं. मी स्टोव्हवर रोइबोस चहा ठेवला होता, इसाक खाटेवर पाय खाली सोडून बुटाची शिलाई बघत होता. आणि वारा थांबला. कमी कमी होत गेला नाही, एकदम थांबला. स्टोव्हची सूंसूं मला त्या खोलीत पहिल्यांदा इतकी स्वच्छ ऐकू आली.

मग उजेड आला. खिडकीतून नाही, खालून. चारी भिंतींच्या तळाशी, खडकाला लागून, पांढरी रेघ उमटली. आधी सुतासारखी, मग बोटभर. फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणले, कारण फळी भिंतीला ठोकलेली होती आणि भिंत वर चालली होती. त्या फटीतून धुकं जमिनीलगत आत आलं. इसाकने पाय वर घेतले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. रेघ बारीक झाली आणि मिटली. आवाज झालाच नाही, फक्त दातांत काहीतरी जाणवलं. वारा पुन्हा सुटला. चहा उतू जात होता.

"भूकंप," इसाक म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

भूकंपाने भिंती हलतात आणि जमीनही हलते. चहाचं भांडं जमिनीवरच्या स्टोव्हवर होतं आणि त्यातला चहा डुचमळलाही नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी ते कळू दिलं नाही. छप्पर वाऱ्याने फुगलं असेल, उजेडाचा भास असेल, मी स्वतःला समजावत राहिले. मग बाहेर जाऊन भिंतीचा तळ बघितला. पूर्वेला खडकावर बोटभर फिकट पट्टा होता. तिथे इतकी वर्षं भिंत उभी होती.

इसाकने वायरलेसवर थेरॉनना विचारलं. ते म्हणाले की कुठेही भूकंपाची नोंद नाही, आणि तुम्ही दोघं वर सकाळपासून पिताय का. मी इसाकच्या हातातून यंत्र घेऊन त्यांना दोन शब्द सुनावले. मग आम्ही ठरवलं की धुकं हटलं की खाली उतरायचं, जोडी गेली खड्ड्यात. माथ्यावरून उतरणारी वाट कड्याच्या काठाने जाते आणि धुक्यात ती वाट धरणं म्हणजे जीव देणं. आम्ही सामान बांधून बसलो. धुकं हटलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी पाणी संपलं. झरा हाकेच्या अंतरावर होता आणि तिथवर दोरी बांधलेली होती. इसाक म्हणाला मी जातो. पण त्याने बुटांना हात लावला नाही, म्हणून मी कॅन उचलला. मी बाहेर पडले आणि त्याने आतून कडी घातली. आमच्या दाराला त्याआधी कधी कडी लागलेली मला आठवत नाही.

"हाक मार, मग उघडतो," तो आतून म्हणाला. "आणि गोड आवाजात मार, नाहीतर तूच आहेस हे कळेल मला, आणि मी उघडणार नाही."

कॅन अर्धा भरला होता तेव्हा वारा थांबला.

मी कॅन टाकला आणि दोरी धरून पळाले. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण समोर जिथे खोली असायला हवी तिथून बारीक खडी पडल्याचा आवाज येत होता, वरून खाली, बऱ्याच उंचीवरून. मग तो थांबला. माझा हात भिंतीला लागला तेव्हा भिंत तिथे होती आणि वारा वाहत होता.

मी हाका मारल्या. गोड आवाजात मारल्या, मग शिव्या घातल्या. शेवटी दगडाने खिडकी फोडून आत शिरले. कडी लागलेली होती. खाटेवर पांघरूण उलटून बाजूला केलेलं. बूट खाली होते, दोन्ही. टेबलावर जर्दाळूचा मुरंबा लावलेली भाकरी, एक घास खाल्लेली. चहाच्या कपातून वाफ येत होती. एक थेंबही सांडला नव्हता.

ज्याने त्याला उचललं होतं, त्याने फार सांभाळून उचललं होतं.

५

पोलीस आले, शोध झाला. कड्याखाली माणसं उतरवली. सार्जंटने मला पुन्हा पुन्हा एकच विचारलं: दार आतून बंद, माणूस आत नाही, आणि खिडकी तू बाहेरून फोडलीस असं तूच सांगतेस. मी त्याला भिंतीखालचा फिकट पट्टा दाखवला. त्याने तो बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर तो माझ्याशी हळू आवाजात बोलू लागला. त्या हळू आवाजाचा मला जास्त राग आला.

खाली गावात माझी सासू, आंटी लेन्ची, चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत माझ्यासमोर उभी राहिली.

"तोंडाने रोज मारत होतीस माझ्या लेकाला," ती म्हणाली. "हाताने कशाला मारलंस?"

मी तिला वळसा घालून पायरी उतरले. त्यानंतर दुकानात माझ्या मागे कुणी रांगेत उभं राहत नसे. माझ्या दारात कुणीतरी मेंढीची आतडी टाकली. मी ती फावड्याने उचलली आणि ज्याच्यावर संशय होता त्याच्या दारात टाकून आले.

थेरॉननी कळवलं की ती खोली धोक्याची ठरली आहे, हवा उघडली की माणसं पाठवून पाडून टाकू.

तेव्हा मी खरी घाबरले. मला वेड लागलेलं नव्हतं. वेडं माणूस विचार करत नाही, मी रात्रंदिवस विचार करत होते. पकडलेला जीव जिथून उचलला तिथेच सोडायचा, हा आमच्या कामाचा धडाच आहे. तोच दगड, तोच खळगा. जो दगड इतक्या काळजीने ठेवतो, त्यालाही हे ठाऊक असणार. मग इसाक परत येण्याची एक जागा होती, आणि ती पाडून टाकायला निघाले होते. हे मी कुणाला सांगणार? आंटी लेन्चीला? मी पहाटे कुणाला न सांगता डोंगर चढायला लागले.

६

शोध घेणाऱ्यांनी खोलीत सगळं उलथंपालथं केलं होतं. मी एकेक वस्तू तेव्हा होती तशी लावली. फुटलेल्या खिडकीला फळी ठोकली. इसाकचं पांघरूण तसंच उलटून ठेवलं, बूट खाटेखाली.

कोपऱ्यातल्या डब्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. झाकण उघडलं तर भुंगेरा जिवंत होता. शेवाळ वाळत आलं होतं आणि तो डब्याच्या कडेला पाय लावून उभा होता. आत किती खरचटल्याच्या खुणा होत्या, चारी बाजूंनी. मी त्या आधीही पाहिल्या असतील, पण तेव्हा मला त्यांचं काही वाटलं नव्हतं.

धुक्यात मी तो घेऊन माथ्यावर गेले. त्याचा दगड मला माहीत होता, इसाकने दाखवला होता. मी तो उचलला, भुंगेऱ्याला खळग्यात ठेवलं आणि दगड बसवला. आजूबाजूला कुणी नसताना मी मोठ्याने बोलले.

"मी माझा सोडलाय," मी म्हटलं. "आता तू माझा सोड."

मी खोलीवर परतले तोवर मी वर गेल्याचं थेरॉनना कळलं होतं; त्यांनी वायरलेसवर विचारलं, नर कुठे आहे. मी सांगितलं. ते बराच वेळ बोलले. नोकरी गेली, खटला होईल, उद्या धुकं विरळ झालं की माणसं वर येतील आणि मला घेऊन जातील, खोलीही पाडतील. मी यंत्र बंद केलं. इसाकच्या खाटेसमोर माझ्या खाटेवर बसले आणि वारा ऐकत राहिले. इतक्या मनापासून मी कधी देवाचंही काही ऐकलं नव्हतं.

७

दुपारी केव्हातरी वारा थांबला.

या वेळी रेघ बोटभर होऊन थांबली नाही. भिंती गुडघ्याएवढ्या वर गेल्या, मग कमरेएवढ्या, मग फळी, कप, खिडकी सगळं माझ्या डोक्यावरून निघून गेलं. मी, दोन खाटा, टेबल आणि स्टोव्ह उघड्या डोंगरावर, धुक्यात. मी नजर खाली ठेवली होती. तरी एकदा वर गेली. धुक्यात एका जागी धुकं नव्हतं. तिथे काहीतरी ओणवं होतं आणि ते अजिबात हलत नव्हतं. वारा का थांबतो ते मला तेव्हा कळलं. आम्हीही उघड्या पडलेल्या जिवावर वाकलो की श्वास रोखतो.

इसाकच्या खाटेची दोरी करकरली. कुणीतरी तिच्यावर ठेवलं गेलं होतं, अलगद.

मी रडत उठले. मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही, ती इसाकशी बोलायची भाषा होती. मी त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

तीच उंची, तोच काळसर वर्ण, तसेच पिकायला लागलेले कुरळे केस, तसेच रुंद खांदे. इसाक नव्हता. अंगावर जाड लोकरीचा झगा होता आणि त्याला उग्र लोण्याचा वास येत होता. नखं सगळी तुटलेली, बोटांची टोकं सोलवटलेली. तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, एक शब्दही मला कळला नाही. मग त्याने वर बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. तो कुठल्या तरी डोंगरावरचा होता. त्याच्या डोंगरावरही अशी एखादी खोली असणार.

भिंती खाली यायला लागल्या.

"हा नाही," मी वर तोंड करून ओरडले. "हा माझा नाही. उलटा करून बघ."

भिंती येतच होत्या. एकदा त्या टेकल्या की काम झालं, हे मला माहीत होतं. मी त्या माणसाचा झगा धरला आणि त्याला खाटेवरून ओढलं. भिंत टेकायच्या आत त्याला बाहेर ढकलायचं, उघड्यावर, म्हणजे चूक दिसेल, म्हणजे तो परत उचलला जाईल आणि इसाकचा शोध होईल. त्याचं काय होईल याचा मी विचार केला नाही. त्याला ते कळलं. त्याने बाहेर बघितलं, वर बघितलं, आणि मला मिठी मारली. मी त्याला चावले, ओरबाडलं. तो सोडेना. आम्ही खडकावर पडलो, मी वर आणि तो खाली, आणि त्याने हातापायांनी मला असं आवळलं की मला श्वास घेता येईना.

भिंती थांबल्या. कमरेएवढ्या उंचीवर, हवेत, चारी बाजूंनी.

वर काहीच हललं नाही. फार वेळ हललं नाही. आम्हाला निरखून बघितलं जात होतं.

दगडाखाली नर-मादीची जोडी अशी एकमेकांना बिलगलेली दिसली तर आम्ही काय करतो ते माझ्या लक्षात आलं. माझ्या हयातीत ते कधी दिसलं नव्हतं, पण प्रत्येकाला शिकवलेलं असतं. मग मोजायचं नाही, स्पर्श करायचा नाही. दगड होता होईल तितक्या हलक्या हाताने खाली ठेवायचा आणि त्या जागेला पुन्हा कधी हात लावायचा नाही. तिथून पुढे तो दगड आपल्यासाठी नाहीच असं समजायचं, आणि आनंदाने घरी जायचं.

मी सुटायची धडपड केली. जितकी धडपडले तितका तो घट्ट धरत गेला.

भिंती इतक्या हळू खाली आल्या की कप एकदाही वाजले नाहीत.

इसाक कुठल्या तरी दुसऱ्या डोंगरावर, दुसऱ्या खोलीत ठेवला गेला असेल, किंवा अजून डब्यात असेल. त्याला आता कुणी शोधणार नव्हतं. त्याचं सगळं नीट झालं असं तिकडे ठरून गेलं होतं. तो माणूस माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत होता आणि मी छपराकडे बघून ओरडत होते, हा नाही, हा नाही. पण बाहेर वारा सुटला होता.